हलक्या मातीचं फूल : कॉसमॉस

मुरमाड, उथळ, पाणी धरून न ठेवणाऱ्या जमिनीला शेतकरी हलकी जमीन म्हणतो आणि तिच्यात काय पेरायचं याचा दहादा विचार करतो. कॉसमॉसला नेमकी अशीच जमीन मानवते. गुलाबाला करतो तो पाहुणचार कॉसमॉसला केला, तर झाड छातीइतकं उंच होतं, हिरवंगार दिसतं आणि फुलायचं नाव घेत नाही. ‘पाला भरपूर, पण कळी नाही’ ही तक्रार घरच्या बागेत कॉसमॉस लावणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. कारण बहुतेक वेळा चारांपैकी एक असतं: खत जास्त झालं, पाणी जास्त झालं, ऊन कमी पडलं किंवा पेरणीचा महिना चुकला.

कॉसमॉस कमी मागतो आणि थोडक्यावर भरभरून फुलतो. नव्यानं बाग करणाऱ्याला तो लगेच यश देतो ते या गुणामुळेच. पण हाच गुण कुंपणाबाहेर गेला की सह्याद्रीच्या टेकड्यांवर त्रासाचा ठरतो. म्हणून कॉसमॉस लावणाऱ्यानं दोन गोष्टी शिकायच्या आहेत: देताना हात कुठं आखडायचा आणि बी कुठं अडवायचं.

मेक्सिकोचं पठार, दख्खनचं पठार

कॉसमॉसचं मूळ घर मेक्सिको. या प्रजातीसमूहात सुमारे ३५ जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मेक्सिको व मध्य अमेरिकेतल्या. मेक्सिकोतून स्पेनला गेलेल्या बियांपासून माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात ही झाडं वाढली. आंतोनियो होसे काव्हानियेस या धर्मगुरू असलेल्या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९१ साली त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. त्याच ग्रंथात, त्याच वर्षी त्यानं डेलियाचंही वर्णन केलं. डेलिया आणि कॉसमॉस जवळचे नातेवाईक आहेत, दोघंही सूर्यफुलाच्या कुळातले. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही याच कुळातला आणि मूळचा मेक्सिकोचाच.

नकाशावर मेक्सिको सिटी आणि मुंबई पाहिल्या, तर दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १९ अंशांवर. म्हणजे दोन्हीकडे दिवस जवळजवळ सारखाच वाढतो आणि सारखाच आखडतो. पाऊसमानही मिळतंजुळतं आहे. मेक्सिकोच्या मध्य पठारावर मुख्य पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. फरक उंचीचा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर असल्यानं तिथला उन्हाळा आपल्या मानानं सौम्य असतो. पावसात रुजायचं, दिवस लहान होऊ लागले की फुलायचं, थंडीच्या कोरड्या हवेत बी पिकवून मोकळं व्हायचं, हे वेळापत्रक कॉसमॉस तिकडूनच घेऊन आला. दख्खनच्या पठारावर त्याला त्यात फारसा बदल करावा लागला नाही.

पाकिटातला कॉसमॉस कोणता?

आपल्याकडे प्रामुख्यानं दोन जाती लावल्या जातात. बियांच्या पाकिटावर बऱ्याचदा नुसतं ‘कॉसमॉस मिक्स’ लिहिलेलं असतं, पण दोघींचा स्वभाव वेगळा आहे. त्यामुळे आपल्या हातात कोणती आहे हे आधी ओळखलं पाहिजे.

पहिली गुलाबी-पांढरी. पानं शेपूच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली, फुलं पांढरी, फिकट गुलाबी, राणी रंगाची किंवा दुरंगी. जुने वाण चार-पाच फूट उंच जातात, बुटके वाण दीड-दोन फुटांवर थांबतात. पाकळ्यांची नळी होणारा ‘सी शेल्स’ हा याच जातीतला. या जातीत पिवळा रंग नव्हता. जपानच्या तामागावा विद्यापीठानं दीर्घ प्रयत्नांनंतर तो आणला आणि १९८७ साली ‘यलो गार्डन’ हा वाण पुढे आला. या जातीला थंडी आवडते, महाराष्ट्रात तिचं खरं रूप हिवाळ्यात दिसतं.

दुसरी पिवळी-केशरी. पानं रुंद खंडांची, फुलं पिवळी, केशरी ते लालसर, आणि अंगात काटकपणा अधिक. उन्हाचा ताप ती गुलाबीपेक्षा कितीतरी चांगला सोसते, कारण मेक्सिकोतही ती तुलनेनं उष्ण आणि कमी उंचीच्या भागात वाढते. ‘सनसेट’ आणि ‘डायब्लो’ हे तिचे गाजलेले वाण. पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेला पावसाळ्याच्या शेवटी केशरी पट्टे दिसतात ते हिचे.

फूल येण्याची वाट न पाहताही दोघी ओळखता येतात. बी तळहातावर घेऊन पाहावं. गुलाबीचं बी काळपट, किंचित वाकलेलं, साधारण सेंटिमीटरभर लांब आणि बहुधा गुळगुळीत असतं. केशरीचं बी त्याहून लांब, निमुळतं होत चोचीसारखं पुढे गेलेलं, आणि त्या चोचीच्या टोकाला दोन-तीन ताठ कुसं असतात. भिंगाखाली धरलं की त्या कुसांवर मागे वळलेले बारीक दाते दिसतात. बी शर्टाच्या बाहीवर टेकवून ओढलं, तर ते कापडात अडकतं. हे दाते लक्षात ठेवायचे, या प्रकरणाच्या शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

तिसरी एक जात नावापुरती माहीत असावी, ती चॉकलेटी कॉसमॉस. गडद तपकिरी-लाल फुलांना खरोखरच चॉकलेटचा वास येतो. ती डेलियासारखी कंदावर वाढते, तिला थंड हवा लागते आणि आपल्याकडच्या रोपवाटिकांत ती क्वचितच मिळते.

एका फुलात अनेक फुलं

आपण ज्याला कॉसमॉसचं एक फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा पुंजका असतो. कडेच्या आठ रुंद पाकळ्या म्हणजे आठ स्वतंत्र फुलं. त्यांना बी धरत नाही, त्यांचं काम कीटकांना लांबून दिसण्याचं. मधल्या पिवळ्या चकतीत पन्नासेक बारीक नळ्या दाटीवाटीनं बसलेल्या असतात. त्यांतली प्रत्येक नळी हे एक पूर्ण फूल, आणि बी धरतं ते इथंच.

चकतीकडे सलग दोन-तीन सकाळी निरखून पाहिलं, तर नळ्या एकदम उमलत नाहीत हे दिसतं. बाहेरच्या कडेची रांग आधी उघडते, मग तिच्या आतली, असं उमलणं मध्याकडे सरकतं. प्रत्येक नळीत गडद रंगाच्या परागकोशांची एक नलिका असते. तिच्या आतून वर वाढणारी कुक्षी पराग ढकलत बाहेर आणते आणि नंतर स्वतःची दोन टोकं उलगडते. म्हणून एकाच चकतीत बाहेर कुक्षी उघडलेली, तिच्या आत ताजे पिवळे पराग आणि मध्याला बंद कळ्या अशी तीन वर्तुळं एकाच वेळी दिसतात.

गुलाबी कॉसमॉसमध्ये आपल्याच परागांनी बी धरण्याला सहसा अटकाव असतो, दुसऱ्या झाडाचे पराग यावे लागतात. याचे दोन व्यावहारिक अर्थ. एकुलतं एक झाड लावलं तर बी कमी आणि पोचट येतं. आणि शेजारीशेजारी वेगवेगळे रंग लावून धरलेल्या बियांतून पुढच्या वर्षी कोणता रंग निघेल याचा भरवसा नसतो. पांढरा रंग तसाच राखायचा असेल, तर पांढऱ्यांचा गट वेगळा लावावा लागतो.

उथळ, उघड्या चकतीमुळे या फुलावर लहान कीटकांची चांगली वर्दळ असते. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या, फुलमाश्या, फुलपाखरं सकाळच्या उन्हात येतात. गच्चीवर वांगी, काकडी, दुधी, मिरची लावणाऱ्यानं कडेला चार-सहा कॉसमॉस ठेवले, तर भाजीच्या फुलांकडेही कीटकांची ये-जा वाढते.

पेरणीचा महिना का महत्त्वाचा

गुलाबी कॉसमॉस रात्रीची लांबी ओळखतो. रात्र लांबू लागली की त्याच्यात फुलण्याची तयारी सुरू होते, रात्री लहान असतात तोवर तो पाला आणि उंची वाढवत राहतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनच्या उत्तरार्धात दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या उत्तरार्धात ११ तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचाच, पण या झाडाला तेवढा पुरतो.

जूनमध्ये पेरलेला गुलाबी कॉसमॉस आधी दोन-अडीच महिने नुसता वाढतो. श्रावणातल्या पावसात खोड कोवळं, लुसलुशीत होतं आणि भाद्रपदातल्या एखाद्या जोरदार सरीत झाड आडवं होतं. तेच बी सप्टेंबरमध्ये पेरलं, तर झाड आटोपशीर राहतं आणि साधारण दोन ते अडीच महिन्यांत फुलायला लागतं. जुने वाण दिवसाच्या लांबीला इतके बांधलेले होते की अमेरिकेच्या उत्तर भागात ते फुलण्याआधीच कडाक्याची थंडी येई. लवकर फुलणारा, मोठ्या फुलांचा ‘सेन्सेशन’ १९३६ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचण्यांत निवडला गेला आणि तिथल्या बागांत कॉसमॉस रुळला. आजचे बहुतेक बुटके वाणही लवकर फुलणारे आहेत, तरी आपल्याकडे हिवाळी फुलांसाठी उशिरा पेरणं हेच चांगलं.

याच कारणानं रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उजेडात ठेवलेली कुंडी कधीकधी उशिरा फुलते. रस्त्यावरचा दिवा किंवा गॅलरीतली ट्यूब झाडावर सरळ पडत असेल, तर कुंडीची जागा बदलून पाहावी.

महाराष्ट्रातला ढोबळ हिशेब असा: देशावर गुलाबी कॉसमॉस ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पेरावा, फुलं नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळतात. कोकणात आणि गोव्यात पावसाचा जोर ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात पेरावा. तिथली जांभ्याची माती निचऱ्याची असल्यानं त्याला सोयीची पडते. केशरी कॉसमॉस कुंडीत जूनपासून फेब्रुवारीपर्यंत केव्हाही पेरता येतो आणि गुलाबीपेक्षा आठ-दहा दिवस लवकर फुलतो. दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं बी पेरलं, तर सगळी झाडं एकदम संपत नाहीत.

माती, कुंडी आणि बी

काळ्या मातीत कॉसमॉस लावायचा असेल, तर काळजी निचऱ्याची घ्यायची. चिकण माती पाणी धरते आणि मुळं कुजतात. जमिनीवर चार-सहा इंच उंचीचा गादीवाफा करावा, मातीत जाडसर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. कुंडीसाठी दोन भाग साधी बागेची माती, एक भाग वाळू किंवा कोकोपीट आणि अर्धा भाग पूर्ण कुजलेलं शेणखत पुरेसं आहे. गच्चीवर भाजीपाल्यासाठी केलेली, गांडूळखतानं भरलेली माती या झाडाला जड पडते. तीच वापरायची असेल, तर तिच्यात तेवढीच साधी माती मिसळावी.

यामागचं कारण सरळ आहे. नत्र भरपूर मिळालं की झाड पानं आणि खोड वाढवतं, फुलण्याची घाई करत नाही. शिवाय अशा वाढीत खोड मऊ राहतं, वाऱ्यात मोडतं आणि मावाही कोवळ्या पाल्यावर लवकर बसतो. म्हणून लागवडीनंतर युरिया किंवा नत्राचं कोणतंही खत देऊ नये. कुंडीतली माती अगदीच निःसत्त्व असेल, तर कळ्या दिसू लागल्यावर एकदा मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळावं, तेवढ्यावर हंगाम निघतो.

कुंडी किमान १० ते १२ इंच व्यासाची आणि तेवढीच खोल घ्यावी, तळाची भोकं मोकळी आहेत ना ते पाहावं. १२ इंची कुंडीत बुटक्या वाणाची तीन रोपं मावतात, उंच वाणाचं एकच ठेवावं. जमिनीत उंच वाण फूटभर अंतरावर आणि बुटके आठ-नऊ इंचांवर लावावेत. थोडी दाटी चालते, झाडं एकमेकांच्या आधारानं उभी राहतात. पण फार दाटी झाली की हवा खेळत नाही आणि भुरी येते.

जागा निवडताना दिवसातलं किमान सहा तासांचं थेट ऊन बघायचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेकडची गॅलरी या फुलाला सर्वांत चांगली. पूर्वेकडच्या गॅलरीत सकाळचं ऊन मिळत असल्यानं फुलं येतात, पण झाड उजेडाकडे झुकतं, म्हणून कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवावी. उत्तरेच्या गॅलरीत कॉसमॉस लावण्याची धडपड करू नये.

बी शक्यतो ठरलेल्या जागीच पेरावं. ओली करून निथळलेली माती बोटानं सपाट करावी, बी आडवं ठेवावं आणि वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरावी. खोल गाडलेलं बी उशिरा येतं किंवा येतच नाही. झारीच्या बारीक धारेनं पाणी द्यावं, जाड धारेनं बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. पाच ते दहा दिवसांत लांबट, जोडीची बीजपत्रं वर येतात. त्यानंतर येणारं पहिलं खरं पान चिरलेलं असतं, तेव्हा तण कोणतं आणि रोप कोणतं हे नक्की कळतं. तोवर खुरपी चालवू नये.

ट्रेमध्ये रोपं केली असतील, तर चार खरी पानं येताच संध्याकाळच्या वेळी मातीच्या गोळ्यासकट हलवावीत. उशीर केला तर रोप लांबुळकं होतं आणि मूळ दुखावतं.

शेंडा, काठी आणि पाणी

रोप वीतभर उंच झालं की एक छोटं काम करायचं आणि ते टाळायचं नाही. मधला शेंडा वरच्या पानांच्या जोडीसकट नखानं खुडायचा. शेंडा असेपर्यंत त्यात तयार होणारी संप्रेरकं खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतात. शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बगलेतला डोळा जागा होतो आणि एका खोडाऐवजी चार-सहा फांद्या फुटतात. फूल यायला आठ-दहा दिवस जास्त लागतात, पण नंतर झाड रुंद होतं आणि फुलांची संख्या कैक पटींनी वाढते. बुटक्या वाणांना मुळातच फांद्या फुटत असल्यानं त्यांचा शेंडा नाही खुडला तरी चालतं.

उंच वाणाला आधार लहानपणीच द्यावा. झाड आडवं झाल्यावर काठी लावायला गेलं की पोकळ खोड पेरापाशी मोडतं. वाफ्याच्या चारही कोपऱ्यांना बांबूच्या काठ्या रोवाव्यात आणि फूट-दीड फूट उंचीवर सुतळीचा चौकोन ओढावा, आत आडव्या-उभ्या दोन दोऱ्या बांधाव्यात. पंधरा दिवसांत पाला दोऱ्या झाकून टाकतो आणि आधार दिसतही नाही.

पाण्याच्या बाबतीत रोज ठरावीक वेळी पाणी घालण्याची सवय कॉसमॉससाठी सोडावी लागते. माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत कोरडी लागली की भरपूर पाणी द्यावं आणि पुन्हा तशी कोरडी होईपर्यंत थांबावं. हिवाळ्यात जमिनीतल्या झाडाला आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी पुरतं. कुंडीत माती लवकर सुकते, त्यामुळे दिवसाआड लागतं. दुपारी पानं जरा मलूल दिसली तर घाबरू नये, संध्याकाळी ती आपोआप सावरतात. सकाळीही मलूल असतील तर मात्र पाणी द्यावं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

कळी आणि बोंड यांतला फरक

कॉसमॉसचं झाड हंगामी आहे. बी पिकवणं हे त्याच्या आयुष्याचं काम, ते झालं की झाड वाळतं. बी पिकू दिलं नाही, तर ते नव्या कळ्या काढत राहतं. त्यामुळे उतरलेली फुलं वेळेवर काढणं हीच कॉसमॉसची खरी निगा. खत-पाण्यापेक्षा कात्रीनं त्याचा हंगाम अधिक लांबतो.

पाकळ्या गळून गेलेलं बोंड आणि उमलायची कळी हिरव्या पाल्यात सारखीच दिसते आणि घाईत कळ्याच कापल्या जातात. दोन्ही बोटांत धरून पाहिल्या की फरक कळतो. कळी वरून चपटी, गोल आणि टणक असते, पाकळ्या आत घट्ट दुमडलेल्या असल्यानं ती दाबली जात नाही. बोंड वरच्या बाजूला निमुळतं, टोकदार होत जातं आणि दाबलं तर आत बिया बोटांना जाणवतात. चारदा असं तपासलं की पाचव्यांदा नजरेलाच कळतं.

कापताना नुसतं डोकं खुडू नये. देठ खाली जिथं पानाला किंवा दुसऱ्या कळीला मिळतो तिथपर्यंत जाऊन कापावा, नाहीतर झाडावर उघड्या काड्यांचं रान माजतं. फेब्रुवारीत झाड थकल्यासारखं वाटलं आणि अजून थंडी असेल, तर एक-तृतीयांश उंची छाटून पाहावी. तीन-चार आठवड्यांत बहुधा दुसरा बहर येतो.

फुलदाणीसाठी फुलं भल्या सकाळी, पाकळ्या नुकत्या उलगडू लागलेल्या असताना कापावीत. पाण्यात बुडणारी पानं काढावीत आणि पाणी रोज बदलावं, मग फुलं चार-पाच दिवस टिकतात. आणि या कापण्यानं झाडाचं भलंच होतं.

कीड आणि रोग

सशक्त, उन्हातल्या कॉसमॉसला फारसं काही होत नाही. तरीही पाच गोष्टींवर नजर ठेवावी. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला, तर आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढावा. पुन्हा आला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि चिमूटभर साबणाचा चुरा चांगला मिसळून संध्याकाळी फवारावा. फुलांवर माश्या असताना कधीही फवारू नये. पेरांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, तो बोळ्यानं पुसून काढावा आणि फार पसरला असेल तर फांदीच कापावी.

हिवाळ्याच्या शेवटी पानांवर पांढरी भुकटी दिसते ती भुरी. दाटी कमी करणं, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालणं आणि रोगट पानं काढून टाकणं हा तिच्यावरचा पहिला उपाय. रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडत असतील, तर पाणी जास्त होतंय हे ओळखावं. पावसाळ्यात पेरलेल्या रोपांना गोगलगायी रात्रीत फस्त करतात, त्या टॉर्च घेऊन हातानं वेचणं हाच खात्रीचा मार्ग.

बी कसं धरावं

पुढच्या वर्षीसाठी बी हवं असेल, तर हंगामाच्या शेवटच्या महिन्यात सर्वांत निरोगी झाडांची मोजकी फुलं राखून ठेवावीत. बोंड तपकिरी झालं आणि बिया एकमेकींपासून सुटून बाहेर टोकं काढू लागल्या की ते दुपारच्या कोरड्या वेळी कापावं. दोन दिवस थांबलं तर बिया वाऱ्यानं गळतात. कागदावर पसरून सावलीत आठवडाभर वाळवाव्यात, कागदी पाकिटात घालून वर वाण, रंग आणि वर्ष लिहावं, आणि पाकीट हवाबंद डब्यात थंड, कोरड्या जागी ठेवावं. चांगलं वाळवलेलं बी तीन वर्षांपर्यंत उगवतं.

कुंपणाबाहेरचा कॉसमॉस

दक्षिण आफ्रिकेच्या हायव्हेल्ड पठारावर मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे तिथल्या शरद ऋतूत, रस्त्यांच्या कडा गुलाबी-पांढऱ्या कॉसमॉसनं भरून जातात. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिश घोड्यांसाठी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या चाऱ्यातून हे बी तिथं पोचलं, असं सांगितलं जातं. लोक आज ते पाहायला मुद्दाम जातात, पण ते फूल तिथलं नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट केशरी कॉसमॉसच्या बाबतीत घडली आहे. बागांतून, बंगल्यांच्या आवारांतून, रस्त्याच्या सुशोभीकरणातून सुटलेलं बी पुण्याच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीच्या उतारांवर जाऊन बसलं. हलकी, मुरमाड जमीन त्याला आवडतेच आणि पावसाचं वेळापत्रक मूळ घरासारखं आहे. बियांचे ते दाते गुरांच्या अंगात, कुत्र्यांच्या केसांत, टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या मोज्यांत अडकतात आणि बी पुढच्या उतारावर जातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात उतारच्या उतार केशरी दिसतात. पाहणाऱ्याला आनंद होतो, पण त्या दाट उभ्या पिकाखाली उजेड न पोचल्यानं इथली पावसाळी झाडं मागे हटतात: तेरडा, कवळा, सोनकी आणि जनावरांच्या पोटात जाणारं गवत. सह्याद्रीच्या सड्यांवर आणि उतारांवर थोडक्या मातीत, थोडक्या दिवसांत फुलणाऱ्या या वनस्पतींतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. कॉसमॉस मात्र मेक्सिकोपासून जपानपर्यंत सगळीकडे आहे.

टेकडीवर गेल्यावर बरेच जण या केशरी फुलालाच सोनकी समजतात. सोनकी गुडघ्याखालीच राहते, तिची फुलं लहान आणि चमकदार पिवळी असतात, पानं साधी, दातेरी कडांची असतात. पानं खोलवर चिरलेली, झाड कमरेइतकं आणि पाकळ्यांची टोकं दातेरी असतील तर तो कॉसमॉस.

घरी कॉसमॉस लावणाऱ्यानं यासाठी बाग सोडायची गरज नाही, पण काही नियम पाळायला हवेत. टेकडी, माळ, जंगल किंवा ओढ्याला लागून घर असेल, तर केशरी जात लावूच नये. गुलाबी लावावी, कारण तिच्या बियांना सहसा दाते नसतात, आणि तिचीही बोंडं पिकण्याआधी कापावीत. पिकलेली बोंडं कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत, घरगुती ढिगाला बी मरण्याइतकी ऊब मिळेलच असं नाही. ती बंद पिशवीत घालून कचऱ्यात द्यावीत. ‘उजाड टेकडी फुलवू’ म्हणून पावसाळ्यात बियांचे गोळे टाकणाऱ्या मंडळींना कॉसमॉसचं बी कधीही देऊ नये, आणि त्यांच्या गोळ्यांत ते असेल तर तसं स्पष्ट सांगावं. टेकडीवर उगवलेला कॉसमॉस उपटायचा असेल, तर फुलण्याआधी, जुलै-ऑगस्टच्या ओल्या मातीत, जाणकारांच्या सोबतीनं उपटावा. तेव्हा तो मुळासकट सहज निघतो आणि त्या वर्षाचं बी पडत नाही.

बोंड वेळेवर कापलं की घरातलं झाड आणखी फुलतं आणि टेकडीवर बी पोचत नाही. बागेचा फायदा आणि टेकडीचा फायदा एकाच कात्रीत असावा, असं फार थोड्या फुलांच्या बाबतीत घडतं. कॉसमॉस लावणाऱ्यानं म्हणून बियांच्या पाकिटाबरोबर एक चांगली कात्रीही विकत घ्यावी आणि पहिलं फूल उतरलं त्या दिवसापासून ती वापरावी.